त्र्यंबकशेटच्या पेढीवरच्या फेऱ्या

वाघोळी नावाच्या पेठेच्या गावात त्र्यंबकशेट नावाचे एक सावकार होते. घर विकत घ्यायला ते कर्ज देत आणि तेच घर गहाण ठेवून घेत. व्याज वाजवी होतं, हिशेबात खोट नव्हती, तोंडात शिवी नव्हती. माणूस खरंच चांगला होता. फक्त एक खोड होती. त्यांच्या पेढीवर कुणालाही फेऱ्या मारल्याशिवाय कर्ज मिळत नसे.

ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. वडील म्हणायचे, जो चिकाटीने पेढीचे उंबरे झिजवतो तो हप्ताही चिकाटीने भरतो, आणि जो दोन फेऱ्यांत कंटाळतो तो हप्त्यालाही कंटाळेल. त्र्यंबकशेटना हे फार पटलं होतं. खरं तर घराचे कागद बघणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणं, माणूस पोटापाण्याला काय करतो याची चौकशी करणं, हे सगळं पेढीचे दिवाणजी एका दुपारात उरकत. पण उत्तर मात्र महिनोन् महिने लोंबकळत राही. "बघतो." "पुढच्या सोमवारी या." "आज अमावस्या आहे, नंतर बोलू." कर्ज मागणारा बिचारा मान हलवून परत जाई.

त्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला कोष्ट्यांची वस्ती होती. तिथे कोंडाबाई नावाची विधवा बाई लुगडी विणायची. तिचा माग खड्ड्यातला होता, म्हणजे जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. दोन मुली सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. तिच्या लुगड्याचे काठ इतके सरळ यायचे की पेठेतले व्यापारी ते आगाऊ सांगून ठेवत. पण ज्या छपरात तिचा माग होता ते छप्पर भाड्याचं होतं, आणि मालकाला ते आता गुरांसाठी हवं होतं. "दिवाळीपर्यंत रिकामं कर," असं त्याने सांगून टाकलं होतं. माग काही डोक्यावर घेऊन फिरता येत नाही. माग गेला की घरात चूल पेटणार नव्हती.

तेवढ्यात जवळच मुरलीधर वाण्याचं घर विकायला निघालं. पुढे ओसरी, मागे पडवी, आणि पडवीत खड्डा खणायला जागा. मुरलीधर मुलाकडे राहायला जाणार होता. तो म्हणाला, "कोंडाबाई, तुझ्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यानंतर जो पैसे आणील त्याचं घर."

कोंडाबाई पेढीवर गेली. त्र्यंबकशेटनी तिचं सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी दिवाणजी चौकशी करून आले आणि म्हणाले, "शेट, हिच्याइतकं खात्रीचं कूळ गावात नाही. तिने उधारी कधी बुडवली नाही."

"मला ठाऊक आहे," शेट म्हणाले. "द्यायचेच आहेत तिला पैसे. पण फेऱ्या होऊ देत."

कोंडाबाई दुसऱ्यांदा आली. "बघतो," शेट म्हणाले. तिसऱ्यांदा आली तेव्हा शेट जेवून लवंडले होते. ती ओसरीवर बसून राहिली आणि दिवस कलल्यावर परत गेली. जाण्यायेण्यात आणि बसण्यात अख्खा दिवस जाई, आणि त्या दिवशी माग बंद. लुगडं वेळेवर गेलं नाही म्हणून एका व्यापाऱ्याने तिला चार शब्द ऐकवले. पुढच्या खेपेला शेट म्हणाले, "सोमवारी ये." त्यानंतर ती यायची थांबली.

"बघितलंत दिवाणजी?" त्र्यंबकशेट म्हणाले. "कंटाळली. वडील काही उगाच बोलत नसत."

दिवाणजींनी वहीत डोकं घातलं. त्यांचंही पोट त्याच पेढीवर होतं.

त्याच दिवसांत केरबा नावाचा एक गृहस्थ पेढीवर येऊ लागला. भावांचा तेलघाणा होता, त्यात याचा वाटा होता आणि काम शून्य. त्यालाही घर हवं होतं. "पुढच्या सोमवारी या," म्हटलं की हा मंगळवारीच हजर. येताना रुमालात पेरू बांधून आणायचा. खांबाला टेकून बसायचा, शेटच्या प्रत्येक विनोदाला मांडीवर थाप मारून हसायचा, आणि दिवेलागणीला उठून "उद्या येतो" म्हणायचा. त्र्यंबकशेट खूश. याला म्हणतात चिकाटी. दसरा उलटला आणि केरबाला कर्ज मंजूर झालं. त्याने मुरलीधर वाण्याचंच घर घेतलं.

पहिला हप्ता आला नाही. दुसराही आला नाही. केरबा मात्र रोज येत होता.

"केरबा, हप्ता?" शेटनी एकदा विचारलं.

"देतो की शेट. मी काय पळून चाललोय? रोज तुमच्यासमोरच तर असतो."

आणि खोटं नव्हतं ते. दिवसभर पेढीवर बसणारा माणूस कमावणार कधी? त्र्यंबकशेटनी मग इतर कर्जांकडे नजर फिरवली. फेऱ्यांच्या परीक्षेत जे जे पास झाले होते, ते बहुतेक सगळे असेच निघाले. रिकामे, गोडबोले, आणि पैसे मागितले की हात जोडणारे. शेटना पहिल्यांदाच भीती वाटली. वडिलांनी उभी केलेली पेढी आपल्या हातून बसणार की काय, या विचाराने त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

शेवटी केरबाकडून घर काढून घेतलं. मग शेटना कोंडाबाई आठवली. आता घर तिला देऊ, फेरीसुद्धा मारायला लावायची नाही, असं ठरवून ते आपण होऊन कोष्ट्यांच्या वस्तीत गेले. छपराखाली म्हशी बांधलेल्या होत्या. शेजारणीने सांगितलं, "ती गेली सोनवडीला. मुलींना घेऊन."

त्र्यंबकशेट बैलगाडी जोडून सोनवडीला गेले. कोंडाबाई स्वतःच्या घराच्या पडवीत मागावर बसली होती. तिने मुलीला शेटसाठी पाणी आणायला सांगितलं आणि हात चालूच ठेवले.

"घर तुझं?" शेटनी विचारलं.

"हो. इथले पेढीवाले घरी आले, माग बघितला, शेजारी विचारलं, आणि दिवेलागणीला हो म्हणून गेले."

शेटना ते लागलं. ते म्हणाले, "कोंडाबाई, मीसुद्धा पहिल्याच दिवशी मनात हो म्हटलं होतं. तू पुन्हा आली असतीस तर पैसे मिळाले असते."

आता मात्र तिचे हात थांबले. "पहिल्याच दिवशी?" ती म्हणाली. "शेट, तिकडच्या मागाचा खड्डा माझ्या नवऱ्याने खणला होता. मालकाची गुरं पडतील म्हणून जाताना मी तो माझ्या हाताने बुजवला. फार रडले त्या दिवशी. आणि तुमच्या मनात हो होतं?"

त्र्यंबकशेट खाली बघत राहिले. मग म्हणाले, "थोडी कळ काढायची होतीस."

"काढली असती," कोंडाबाई म्हणाली. "पण रोज तुमच्या ओसरीवर बसले असते, तर तुमचा हप्ता कशातून भरला असता?"

शेट पाणी पिऊन उठले आणि गाडीत जाऊन बसले. मागे माग पुन्हा सुरू झाला.

तात्पर्य: हो म्हणायचं असेल तर ते वेळेवर म्हणावं. माणसाला ताटकळत ठेवून त्याची पारख होत नाही. कामाची माणसं निघून जातात आणि ज्यांना बसून राहायला सवड आहे तेवढेच दारात उरतात.