भिंतीवरची लाख

एका पेठेत एक कल्हईवाला होता. भांड्याला कल्हई लावावी तर त्यानेच, आणि माणसावर संशय घ्यावा तर तोही त्यानेच. कोणी पातेलं पुढे ठेवून "दादा, जरा छान करा हं" म्हणालं, की याच्या मनात आलंच, हा गोड का बोलतोय? पातेल्याला नक्की भोक असणार!

पण एकट्या त्याला नावं ठेवून उपयोग नाही. ती पेठच तशी होती.

पेठेच्या बरोबर मधोमध एक जुनी तीन मजली सराई उभी होती. पूर्वी तिथे व्यापारी मुक्कामाला उतरत. नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि व्यापाऱ्यांच्या जागी वटवाघळं मुक्कामाला आली. वारा सुटला की वरून कौलं खाली येत. भिंतीतून पिंपळ उगवले होते. आतून असा वास यायचा की गिऱ्हाईक नाकाला पदर लावून सरळ पुढची पेठ गाठायचं. दुकानदार रोज सकाळी सराईच्या नावाने बोटं मोडत आणि मग दुकान उघडत.

राजाने सराई पाडायचा हुकूम देऊन सात वर्षं झाली होती. हुकूम आला, कुदळ काही आली नाही. कारण पेठेची एक रीत होती. सगळ्यांच्या मालकीची वास्तू पाडायची, तर प्रत्येक दुकानाने संमतीची सुपारी टाकायची. चौकात हलवायाच्या दुकानासमोर तांब्याचा एक गडू ठेवलेला असे. दुकानं एकतीस, सुपाऱ्या एकतीस. दर पाडव्याला कारभारी गडूत डोकावून बघे आणि म्हणे, "पुऱ्या भरल्या नाहीत." किती कमी पडल्या, ते सांगायची रीत नव्हती. उगाच कोणाची शोभा नको!

आता सुपारी टाकायला जातं काय? पण सराईत जुन्या सागवानी तुळया होत्या, आणि जो पहिल्यांदा गडूकडे जाईल त्याचा त्या तुळयांवर डोळा आहे, असं पेठेत प्रत्येकाचं पक्कं मत होतं. विचाराल त्याला तो सांगे, "मी? मी तर कधीच टाकली. त्या समोरच्याला विचारा."

कल्हईवालाही तेच सांगे. त्याचं दुकान सराईच्या भिंतीलाच टेकलेलं होतं. दुकानात बायको भाता चालवायची आणि तो भांडी घासून चकचकीत करायचा. घर काय, दुकान काय, सगळं तेवढंच. बोळाच्या पलीकडे एक बांगडीवाली लाखेच्या बांगड्या करायची.

एका संध्याकाळी कल्हईवाल्याने पाहिलं, तर बांगडीवाली सराईच्या भिंतीशी उभी. हातात पेटती पणती. तिने लाख वितळवली, भिंतीला चिकटवली आणि बोटाने दाबली. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

"अस्सं!" कल्हईवाला बायकोला म्हणाला. "राजाचे शिपाई घर ताब्यात घेतात तेव्हा कुलपावर काय लावतात? लाख! म्हणजे हिने भिंत आपल्या नावावर करून घेतली. कारभारी फितूर आहे, आणि आता आपल्या दुकानाचा नंबर."

बायको म्हणाली, "अहो, सुतावरून स्वर्ग कशाला गाठता? तिला सरळ विचारा ना."

"विचारल्यावर चोर खरं सांगतो होय?"

करपलेली भांडी खरवडायचं खुरपं त्याने उचललं आणि भिंतीवरची लाख साफ काढून टाकली. फार बरं वाटलं त्याला.

सकाळी बांगडीवाली दारात आली. "दादा, भिंतीवरची लाख कोणी काढली हो?"

"मला काय ठाऊक?" मान वर न करता तो परात घासत राहिला.

एक वाक्य पुरलं असतं. 'मी काढली, तुम्ही कशाला लावली होती?' एवढंच. पण ते त्याने विचारलं नाही. आणि बांगडीवालीही त्याच पेठेतली! तिला वाटलं, लाख कशाला लावली होती हे हा विचारतसुद्धा नाही, म्हणजे डाळीत काहीतरी काळं आहे. तीही गप्प बसली आणि गुपचूप नवी लाख लावून आली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती धावत आली. पायात चप्पल नाही, श्वास लागलेला.

"दादा, बाहेर या! वहिनी, उठा! भिंत सरकतेय! भिंतीला भेग पडलीय, ती वाढते का बघायला मी तिच्यावर लाख लावत होते. आत्ता तिन्ही ठिकाणी तडकली!"

बायको भाता टाकून उठली.

"बस खाली," कल्हईवाला म्हणाला. "आपण बाहेर पडलो की ही कुलूप लावणार."

"लावू दे कुलूप!" बायकोने त्याची बाही धरून ओढली. त्याने हात हिसडून सोडवून घेतला. बांगडीवालीने बायकोला दंडाला धरून बाहेर काढलं. कल्हईवाला मात्र गादीवर मांडी ठोकून बसला. नुकत्याच कल्हई केलेल्या परातीत वरून माती पडली. त्याने ती फुंकून काढली. पुन्हा पडली. मग मात्र तो उठला, पण तोवर भिंत अंगावर आली होती.

ज्या पेठेला सात वर्षांत एक कुदळ मिळाली नव्हती, तिला त्या दुपारी घटकाभरात बारा मिळाल्या. एकतीसही दुकानांची माणसं दगड उपसू लागली. कल्हईवाला जिवंत सापडला. त्याच्या उजव्या हातावर सराईची एक तुळई पडली होती. वैद्याने खूप केलं, पण तो हात पुन्हा वळला नाही.

आठ दिवसांनी कारभाऱ्याने सगळ्यांना चौकात बोलावलं. "आज रीत मोडतो," तो म्हणाला आणि त्याने सगळ्यांसमोर गडू उपडा केला.

एकही सुपारी नव्हती.

 मग हलवाई ओरडला, "चोरल्या! कोणीतरी चोरल्या!"

"चोरल्याच!" सगळा चौक म्हणाला आणि जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला.

हात गळ्यात बांधलेला कल्हईवाला पुढे झाला. त्याला लाज वाटत होती, पण दुखणं लाजेपेक्षा मोठं होतं. "माझी चोरीला गेली नाही," तो म्हणाला. "मी टाकलीच नव्हती. आणि बाई, तुमची लाखही मीच खरवडली होती. मला वाटलं, तुम्ही भिंत लाटताय."

बांगडीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीही सुपारी टाकली नव्हती, दादा. मला वाटायचं, तुळयांवर तुमचा डोळा आहे. नाहीतर भेग दिसली त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं."

हलवायाने मान खाली घातली. "माझीपण घरीच आहे," तो म्हणाला. मग एकेक करत सगळ्यांनीच कबूल केलं.

दिवस मावळायच्या आत गडूत एकतीस सुपाऱ्या पडल्या. सराई पाडून चौक मोकळा झाला, त्याला अकरा दिवस लागले. सात वर्षं अडलेलं काम अकरा दिवसांचं होतं. आता त्या पेठेत कल्हई बायको करते, आणि कल्हईवाला शेजारी बसून डाव्या हाताने भाता ओढतो.

तात्पर्य: मनात संशय आला तर तोंडाने विचारावं. न विचारलेला संशय शेवटी आपल्याच अंगावर कोसळतो.