सरकारांचा शेला

कवठेपूरच्या सरकारांचा पुढचा दात तुटून काळा पडला होता. ते तोंडापुढे शेला धरूनच बोलत, आणि त्यांचं पाहून सारा दरबारही तसाच बोले. शेवटी दंतवैद्य कमळाबाई रेग्यांनी दातावर पांढरी टोपी बसवली.

सकाळी सरकारांनी तासभर आरसा न्याहाळला, पण आपला काळा दात नेमका कुठला, तेच उमगेना. दिवाणांनी एक दाखवला, फडणिसांनी दुसरा. सरकारांचं डोकं पार चक्रावलं.

"टोपी दिसतच नाही! बसवल्याचा पुरावा द्या, नाहीतर गाव सोडा!" ते भर दरबारात गरजले.

कमळाबाई म्हणाल्या, "सरकार, आज अख्ख्या दरबारात उघड्या तोंडानं बोलणारे आपण एकटेच आहात."

सरकारांचा हात शेल्यासाठी खांद्याकडे गेला. शेला महालात खुंटीवरच राहिला होता.