धुरपदाबाईच्या पदरावरचा तेरडा

फार फार वर्षांमागं गोदाकाठच्या रांजणवाडीत धुरपदाबाई नावाची एक साळीण होती. लुगडं असं विणायची, की गिऱ्हाईक भाव विचारायचंच विसरायचं. तिच्याकडं नक्षीचा कागद नव्हता. घरामागच्या परसात त्या महिन्यात जे फुललेलं असेल, तेच मागावर यायचं. पौषात वालाच्या शेंगा, चैत्रात मोगरा. कुणी वैशाखात शेवंती मागितली, तर म्हणायची, "शेवंती गावाला गेलीय. ती आली की मी बसते." असं म्हणतात, की तिनं विणलेल्या मोगऱ्यावर मधमाश्या यायच्या आणि मध मिळाला नाही म्हणून रुसून जायच्या.

आईबापाविना राहिलेली बहिणीची पोर, हौसा, तिनंच वाढवली. शेजारगावच्या पाटलांच्या मुलाशी हौसाचं लग्न ठरलं. लग्नाचं लुगडं मावशीच विणणार, हे ओघानं आलंच. लग्न मार्गशीर्षात, पण काम मोठं, म्हणून मागावर ताणा लागला भाद्रपदात. तेव्हा परस भरला होता तेरड्यानं. मग पदरावर तेरडाच आला, गुलाबी फुलांसकट, फुगीर बोंडांसकट.

मांडवात लुगडं उलगडलं आणि पाटलीणबाईंनी, हौसाच्या होणाऱ्या सासूनं, कपाळाला हात लावला.

"अगं बाई! तेरड्याचा रंग तीन दिवस! माझ्या लेकाचा संसार तीन दिवसांचा करायचाय का? हे असलं नेसून पोर उभी राहिली, तर वऱ्हाड माघारी जाईल."

"एखादा मोर काढला असतास, तर हात झिजले असते का गं?" शेजारीण पुटपुटली.

"मोर माझ्या परसात येत नाही, बाई."

धुरपदाबाई बोलली खरी, पण तिचं लक्ष हौसाकडं गेलं. पोरीचे डोळे भरून आले होते. जन्मभर परसाचं ऐकलं, आणि आज त्याच परसापायी पोरीचं लग्न मोडतंय! धुरपदाबाई लुगड्याची घडी घालायला वाकली. बोटं तेरड्यावरून फिरली आणि तिथंच थांबली.

"पाटलीणबाई, तुमच्याकडं गौर कशाची असते?"

"कशाची म्हणजे? तेरड्याची."

"आणि राहते किती दिवस?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"तीनच ना? तरी कुंकवाच्या पावलांवरून, ताट वाजवत घरात घेता. तेरड्याचा रंग जातो, पण एकदा बी पडलं की तो घर सोडत नाही. न पेरता दर साली उगवतो. माझी पोर तशीच आहे. घ्यायची की माघारी फिरायचं, तुम्ही ठरवा."

पाटलीणबाईंनी हळूच पदराला हात लावला. असं म्हणतात, की त्या क्षणी विणलेली बोंडं टचटच फुटली आणि भर मार्गशीर्षात तेरड्याचं बी मांडवभर उडालं. भटजींच्या पोथीवर, नवरदेवाच्या मुंडावळ्यांत, सासूच्या ओच्यात. पाटलीणबाई हसतच सुटल्या.

"घ्या! अक्षता तर पडल्यासुद्धा. भटजी, मंगलाष्टकं म्हणा आता!"

हौसाचा संसार साठ वर्षं झाला, असं म्हणतात. आजही रांजणवाडीची लेक सासरी निघाली, की तिच्या पदराच्या टोकाला तेरड्याचं बी बांधतात. ती गाठ सासूनं सोडायची आणि बी घरामागं टाकायचं. गावातले साळीही नवा ताणा लावण्याआधी परसात एक फेरी मारतात. कुठं निघालात म्हणून विचारलं, तर सांगतात, "धुरपदाबाईला विचारून येतो."