न सापडलेलं बोंडलं

“यादी पुरी झाली म्हणतेस... नक्की?”

अण्णा हुक्केरींनी चष्म्यावरून विचारलं. तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयातल्या नोंदी त्यांनी चाळीस वर्षं हातानं लिहिल्या होत्या. निवृत्त झाले तरी रोज येऊन बसायचे.

“चार हजार बारा वस्तू, अण्णा!” इरावती म्हणाली. “तुमची सगळी कार्डं संगणकात चढवली. नुसती चढवली नाहीत, सुधारली. आता कुणीही यावं, शब्द टाकावा, वस्तू हजर.”

पोरगी हुशार, त्यात वाद नाही. मोठ्या शहरातून पदवी घेऊन आलेली. फक्त हुशारीला जरा वारं लागलं होतं.

“बरं... मग त्या अक्काताईंना काय हवंय बघ.”

दारात अक्काताई पाटोळे उभ्या होत्या. सत्तरी उलटलेली, एसटीनं आलेल्या. देवळात यावं तशा चपला बाहेर पायरीवर काढून आलेल्या.

“बाई, माझं बोंडलं हाय का गं हितं? लई वर्सं झाली देऊन. परवा डोळ्याचं आपरेशन हाय. डाक्टर म्हनला, दिसंल तर दिसंल. म्हटलं, त्याच्या आधी एकदा बघून घ्यावं.”

इरावतीनं शब्द टाकला. बोंडलं. काही आढळलं नाही. बोंडले. तेही नाही. ती आणखी दोनदा चाचपडली.

“नाही हो, आजी. आमच्याकडे अशी वस्तूच नाही.”

“मग मोडीत गेलं म्हनायचं...” अक्काताईंचा चेहरा एवढासा झाला. “हितं जपत्याल म्हनून दिलतं.” त्या वळल्या.

इरावतीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! पण यंत्रात नाही ते ती आणणार कुठून? तिनं अण्णांकडे पाहिलं.

“अक्काताई, थांबा,” अण्णा म्हणाले. “नाव राहू द्या. कसं वापरायचात, ते हिला करून दाखवा.”

अक्काताई लाजल्या. मग भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. पाय लांब केले. पायांवर कुणी निजलंय असा डावा हात त्याच्या मानेखाली घातला. उजव्या हाताची चिमूट जरा कलली... थांबली... पुन्हा कलली. पदराच्या टोकानं त्यांनी हवेतली हनुवटी टिपली.

“हळू रं, बाबा... ठसका लागंल.”

इरावती ताडकन उठली आणि आतल्या कपाटातून पितळेचं इवलंसं, चोचीचं भांडं घेऊन आली.

यादीत तिनंच लिहिलं होतं : ‘अर्घ्यपात्र. विषय : पूजाविधी. कड चेपलेली.’ अण्णांच्या कार्डावर ‘बोंडलं’ होतं, पण तो शब्द तिला गावंढळ वाटला. चोच आहे म्हणजे पूजेचंच, असं म्हणून तिनं तो खोडला होता.

अक्काताईंनी भांडं दोन्ही हातांत घेतलं. अंगठा कडेवरून फिरवला.

“हे चेपलंय न्हवं? दात येताना लई किरकिरा झालता. हातातनं हिसकून आपटलं.” त्या हसल्या. हसता हसता रडल्या. “वरीस भरायच्या आत गेला. हे घरात ठेववंना, आनि मोडीत घालायला हात हुईना...”

इरावती त्यांच्या शेजारी फरशीवरच बसली.

मग अक्काताईंनी भांडं डोळ्यांना लावलं, तिच्या ओंजळीत ठेवलं आणि “जप गं, माय” म्हणून बाहेर गेल्या.

इरावतीनं नाक पुसत नोंद उघडली. ‘अर्घ्यपात्र’ काढलं. लिहिलं : बोंडलं. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं. कड चेपलेली, दात येताना बाळानं आपटल्यामुळे.

“चुकलंच माझं, अण्णा,” ती म्हणाली. “आता कुणीही बोंडलं म्हणालं की सापडेल. आता तरी नोंद पुरी झाली ना?”

अण्णांनी खिडकीतून पाहिलं. अक्काताई पायरीवर बसून चपला घालत होत्या.

“बाळाचं नाव विचारलंस?”