न पाहिलेल्या गोष्टीची शपथ

एका गावात एक चोंबडी बाई राहत होती. नाव हौसाबाई. कुणाकडे पाहुणा आला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं हिला आधी ठाऊक. पण कुणाचं पोर तापलं की पेजेची वाटी घेऊन पहिली पोचायची तीही हीच.

भिंतीपलीकडे जयवंतशेठांचं घर. शेठ देवीच्या उत्सवात साऱ्या गावाला जेवू घालायचे. त्यांची पोरकी पुतणी गोदी त्यांच्याकडेच राहायची.

हस्त लागला. मुलींनी हौसाबाईच्या अंगणात भोंडल्याचा फेर धरला. गाणी संपली आणि खिरापत ओळखायची घाई झाली. कुणी म्हणे करंज्या, कुणी म्हणे लाडू. गोदी मात्र गप्प. वाटली डाळ हातावर पडताच तिने ती एका घासात गिळली. मग दुसरीच्या हातून सांडलेली मातीतून वेचून खाल्ली. मुली हसल्या. हौसाबाईला हसू आलं नाही. तिला गोदीच्या मनगटांवरचे वळ दिसले.

"हे काय गं, बाय?"

"विहिरीच्या दोराने झालं," गोदी शेठांच्या खिडकीकडे बघत म्हणाली.

विहिरीच्या दोराने तळहात सोलवटतात, मनगटं नाहीत.

हौसाबाईने गावात विषय काढला. बायका म्हणाल्या, "गावाला जेवू घालणारा माणूस घरच्या पोरीला उपाशी ठेवील? हौसे, नाक आवर तुझं!"

त्या गावाची एक रीत होती. तक्रार करणाऱ्याने देवीचा भंडारा मुठीत घेऊन 'मी डोळ्यांनी पाहिलं' असं म्हणायचं. खोट्या शपथेला देवी कोपते. म्हणून जो तो न पाहिलेलंच बरं मानायचा.

बाजाराच्या दिवशी ठाणेदार चावडीवर आले. हौसाबाई पदर खोचून उभी राहिली आणि शेठांच्या देखत गोदीची तक्रार मांडली.

"उचल भंडारा," शेठ हसून म्हणाले. "सांग काय पाहिलंस!"

तिने मूठ भरली. "मारताना मी पाहिलं नाही. भिंतीपलीकडून रडणं ऐकलंय, वळ पाहिलेत, भूक पाहिली. मला संशय आहे. देवीची शपथ, संशय अगदी खरा आहे!"

चावडी खो खो हसली.

"आणि खोटा निघाला तर?" शेठांनी विचारलं.

"तर भर बाजारात तुमच्या उंबऱ्यावर नाक घासीन. चोंबडीचं नाक, लांबच आहे! पण खरा निघाला आणि मी गप्प राहिले, तर त्या पोरीपुढे काय घासू?"

ठाणेदार उठले. "बाई, खरंखोटं पाहणं माझं काम. तुम्ही कळवलंत, तुमचं काम झालं."

त्यांनी तडक शेठांच्या घराची झडती घेतली. कोठीत धान्याच्या कणग्या तुडुंब भरल्या होत्या. त्यांच्यामधल्या खांबाला गोदी बांधलेली सापडली. तोंडात कच्चे तांदूळ होते.

शेठांना त्याच चावडीवर बेड्या पडल्या. गोदी मामाच्या गावी गेली. पुढच्या भोंडल्याला ती हौसाबाईकडे आली, खिरापत ओळखताना सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि साफ चुकली.

गाव आजही हौसाबाईला चोंबडीच म्हणतं. ती म्हणते, "आहेच मी! बोला, कुणाचं पोर रडतंय?"

तात्पर्य: लेकराचे हाल होत असल्याचा संशय आला, तर पुराव्याची वाट न पाहता कळवावं. चोंबडेपणाने फार तर आपलं नाक जातं, गप्प बसण्याने लेकरू जातं.