थेंबामागे अडीच कोस

एका राज्यात जमीन हलली, की आधी अपराधी शोधत. मेलेल्यांना मूठमाती नंतर. जिथे जास्त घरं पडली तिथलं पाप जास्त, असा तिथला कायदा होता. त्या गावाच्या मुख्याला भेगेत उतरवून वर माती लोटली की धरणी शांत होते, अशी प्रथा होती. कालांतराने धरणी शांत व्हायची, खोटं कशाला बोला. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतात आणि हळूहळू थांबतात, ते बळी न देताही थांबतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडायची. पण हे राजाला कोण सांगणार?

राजाचं नाव वज्रसेन. त्याचा महाल काळ्या पाषाणाच्या डोंगरावर होता. राणी हंसावती हिचं माहेर मळई, नदीच्या गाळावर वसलेलं नगर. त्या साली धरणी हलली. महालातल्या समया नुसत्या डुलल्या, आणि तिकडे निम्मी मळई आडवी झाली. सभेला निकाल द्यायला विडा चघळून होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. मळईचा मुख्य म्हाळोजी, म्हणजे राणीचा बाप, मळईतच साखळदंडात पडला. अमावास्येला त्याला भेगेत उतरवायचं ठरलं.

राणी सभेत उभी राहिली. "महाराज, घरं पडली तिथेच धक्का जन्मला, हे कशावरून?"

"पाप असेल तिथेच धरणी फाटते."

"आणि तो दुसरीकडे जन्मला, असं मी दाखवलं तर?"

राजा हसला. "तर तुझा बाप सुटला. राजाचा शब्द आहे."

राणी माळावर गेली. तिथे मातीत अंडी घालून एक टिटवी बसली होती. ती बोलणारी होती.

"राणी, लोक म्हणतात मी पाय वर करून आभाळ पेलते. कसलं पेलते! माझी अंडी उघड्या जमिनीवर, म्हणून माझं लक्ष जमिनीत."

"मग सांग, धक्का कुठून येतो?"

"एकीला सांगता येत नाही, तिघींना येतं. धक्क्याच्या लाटा दोन. पहिली चपळ, ती पुढून ढकलत येते आणि फारसं काही पाडत नाही. दुसरी सावकाश, ती आडवे हिसडे देत येते, आणि घरं पाडते ती हीच. दोघी एकदमच निघतात. जितकं लांब जाल, तितकी दुसरी मागे पडते."

"ते मोजायचं कसं?"

"खाली टोक असलेला जड लोखंडी गोळा लांब दोरीने टांग. जमीन हलते, पण तो गोळा जडपणामुळे जागचा हलत नाही. त्याच्या टोकाखाली काजळी धरलेली फिरती थाळी ठेव, म्हणजे हलणाऱ्या जमिनीचे ओरखडे तिच्यावर उमटतील. शेजारी गळकं घटपात्र ठेव. पहिल्या ओरखड्यापासून दुसऱ्यापर्यंत जितके थेंब पडतील, तितके अडीच-अडीच कोस धक्का लांब. अशा जागा तीन कर. थेंब मोजायला माझ्या बहिणी बसतील. मोठ्या धक्क्यामागचे लहान धक्केही त्याच जागेतून निघतात, पुढचा आला की कळेल."

राणी तीन गोळे घेऊन निघाली. उत्तरेच्या कड्यावर राक्षसीण राहत होती. तिने जागेच्या बदल्यात राणीची झोप मागितली. राणीने दिली. मिठागरावर एक मांत्रिक होता. त्याने सावली मागितली. दिली. पश्चिमेच्या रानात वेताळ बसला होता. त्याने हसू मागितलं. तेही दिलं, तसं ते उरलं होतंच कुठे!

अमावास्येआधी एक लहान धक्का आला. तिन्ही टिटव्या उडत सभेत आल्या. कड्यावर बारा थेंब, मिठागरावर आठ, रानात पंधरा. राणीने वाळूत राज्याचा नकाशा मांडला आणि थेंबांच्या हिशोबाने दोरी धरून तीन वर्तुळं ओढली. तिन्ही एकाच जागी येऊन मिळाली. ती जागा राजमहालाची होती.

प्रधान ओरडला, "अशक्य! महालाचा एक चिराही हलला नाही!"

"प्रधानजी, एका ताटात दगड ठेवा आणि दह्याची वाटी ठेवा. ताट हलवा. दगड गप्प बसतो, दही डचमळतं. महाल दगडावर आहे, आमची मळई दह्यावर. त्यात पाप कसलं?"

मग टिटवीने उरलेलं सांगितलं. महालाच्या तळाशी खडकाचे दोन थर एकमेकांना रेटत होते, वर्षाला नखभर सरकत होते. त्यामुळे सिंहासन कुरकुरायचं. राजाच्या आजोबांना ती कुरकुर सोसवेना. त्यांनी जादूगाराकडून सोन्याने भरलेले तीन हंडे मंत्रून त्या सांध्यात ठोकवले. खडक अडला, पण रेटा कसा अडणार? तो साठत गेला, असह्य झाला की धाडकन सुटायचा, आणि हंडे पुन्हा सांधा आवळायचे. राजघराण्यातल्या कुणी स्वतःच्या हाताने ते काढले तरच शाप सुटणार होता, आणि सुटताना साठलेला शेवटचा धक्का बाहेर पडणार होता.

राजाला हे ठाऊक होतं. त्याच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं, पण खाली माना घालायची सभेला सवय होती.

"हंडे मी काढते," राणी म्हणाली. "आधी माझ्या आबांना सोडा. धक्का मळईलाच जास्त बसेल."

"सोडले. घोडेस्वार निघालासुद्धा," राजा म्हणाला.

राणीने टिटव्यांना मळईला पाठवलं. मळई महालापासून पन्नास कोसांवर, म्हणजे दोन लाटांमध्ये वीस थेंबांची सवड. पहिली लाट लागताच टिटव्यांनी ओरडायचं आणि माणसांनी मोकळ्या मैदानात पळायचं, असं ठरलं. स्वार पोचेल इतके दोन दिवस थांबून मग ती तळघरात उतरली. पहिल्या हंड्याने तिचे हात भाजले. दुसऱ्याने बोटं गोठवली. तिसरा हंडा तिच्या बापाच्या आवाजात म्हणाला, "पोरी, थांब." ही धनाची माया आहे असं समजून तिने तोही उचलला.

धरणी हलली. मळईत टिटव्या ओरडल्या, माणसं बाहेर धावली, आणि मग नगराच्या उरल्यासुरल्या भिंतीही बसल्या.

चार दिवसांनी मळईहून सगुणाक्का पायी आली. राणीला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. तिने राणीचे भाजलेले हात हातात घेतले.

"समदी भाईर पडलो गं पोरी. ल्हान लेकरं, म्हातारी मानसं, समदी. पर आबांच्या बेडीची किल्ली हितं राजाकडं. आमी दार फोडलं, साखळी काय तुटंना. त्येंनीच आमाला हाकललं. म्हनले, दुसरी लाट यील, निघा."

राणीने राजाला विचारलं, "आणि स्वार?"

"निघणार होता," राजा म्हणाला. "म्हाळोजी निर्दोष म्हणून सोडला असता, तर दोषी कोण, हे प्रजेने विचारलं असतं."

शाप सुटला. सिंहासन पुन्हा कुरकुरू लागलं आणि मोठे धक्के कायमचे थांबले. राज्यात सुव्यवस्था आली. दवंडी पिटली गेली, की मळईच्या मुख्याचा बळी धरणीला पावला. आणि लोकांना ते पटलं! पटणारच. तो मेला त्याच दिवसापासून धरणी गप्प झाली, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मळईत म्हाळोजीचं देऊळ झालं. पहिल्या पूजेला राणीला मानाने नेलं. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "माझ्या बापाने काही थांबवलं नाही. राजाने त्यांना बांधून ठेवलं, आणि हंडे मी उचलले. ते माझ्या हातून मेले."

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बिचारीच्या मनावर परिणाम झालाय, असं बायका आपसांत बोलल्या. पुजाऱ्याने तिच्या गळ्यात हार घातला, घंटा वाजली, सगळे प्रसाद घेऊन आपापल्या घरी गेले.