डाव्या हाताची पायरी

तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या एका लहान फाट्यावर कळंजियूर नावाचे गाव आहे. तिथल्या अम्मनच्या देवळात दुपारचा नैवेद्य आधी देवीला दाखवत नाहीत. आधी बाहेरच्या पायरीवर कणीचा भात वाटतात, आणि तो डाव्या हाताने वाटतात. घेणाऱ्यानेही डावाच हात पुढे करायचा. पान नाही, द्रोण नाही, मूद तळहातावर. आणि गाभाऱ्यातल्या देवीच्या मूर्तीला उजवा हात मनगटापासून पुढे नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी पुण्याची एक मंडळी बसमधून उतरली होती. त्यांतले खांबेटे नावाचे गृहस्थ रांगेत सर्वांत पुढे होते. वाटणाऱ्या बाईंचा डावा हात समोर आला तसे ते मागे सरले.

"डाव्या हाताने कुठे प्रसाद देतात का? आणि आम्ही एवढ्या लांबून आलोय!"

"लांबून आलां म्हणून हात बदलत नाही," बाई म्हणाल्या. मराठीत. खांबेट्यांचे तोंड उघडेच राहिले.

बाईंचे नाव तुळजाबाई घाटगे. वय पंच्याहत्तरच्या पुढे. घराणे तंजावरच्या जुन्या मराठ्यांपैकी; गाव त्यांना तुळजा अम्माळ म्हणते. पायरीवर वाढायला कोणत्याही जातीचे माणूस चालते, आणि गेली तीस वर्षे ते काम त्या करतात. वाटप संपल्यावर त्यांनी आम्हांला मंडपात बसवले. भिंतीवर नवी रंगवलेली पाटी होती : दुष्काळात देवीने स्वतः कोठार उघडून भक्तांना जेवू घातले.

"ही वाचलीत? वाचली असेल तर विसरा," त्या म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.

मराठे या मुलखात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे म्हणे. लागोपाठ तीन वर्षे नदीला पाणी आले नाही. गावात दाणा उरला नाही. देवळाच्या कोठारात मात्र साळीच्या तीन राशी होत्या. राशीवर ओल्या राखेचे ठसे उमटवून ठेवण्याची तेव्हा रीत होती. कोणी मूठभर दाणे काढले तरी रास घसरे आणि ठसा मोडे. ठशाचा लाकडी शिक्का देवळाच्या कारभाऱ्याच्या कमरेला असे. त्याने आज्ञा दिली की, देवीच्या नैवेद्यात एक मापही कमी होता कामा नये. तो रोज पूर्ण शिजे, देवीला दाखवला जाई, आणि मग कारभाऱ्याच्या आणि आणखी चार हक्कदारांच्या घरी जाई. बाहेर पायरीवर माणसे मरत होती.

नैवेद्याची साळ कांडण्याचे काम तैयल नावाच्या बाईकडे होते. कांडताना तुटलेली कणी ही तिची मजुरी. दुष्काळात कारभाऱ्याने तीही बंद केली. कणीसुद्धा देवीची, असे तो म्हणाला. तैयलची मुलगी कुयिली सहा वर्षांची होती. आई आत कांडत असे तोवर ती पायरीवर बसून मुसळाचा आवाज ऐके.

एका दुपारी कुयिलीला बसवेना. ती पायरीवर आडवी झाली. तैयलने मुसळ टाकले आणि कारभाऱ्यासमोर जाऊन मूठभर कणी मागितली.

"नैवेद्य होऊ दे," तो म्हणाला. "तोवर थांब."

तैयल थांबली. आत घंटा वाजत राहिली. ती बंद झाली तेव्हा पायरीवरची पोर गेली होती.

असे झाल्यानंतरही सकाळ होते, हे ज्याला माहीत असते त्याला माहीत असते.

दुसऱ्या दिवशी तैयल रोजच्या वेळेला कामावर आली, असे सांगतात. ती रडत नव्हती, म्हणून कोणी तिला अडवले नाही. ती कोठारात गेली आणि पहिल्या राशीवरचे ठसे तिने उजव्या हाताने पुसून टाकले. सुपे भरभरून साळ बाहेर आणली, कांडली, शिजवली आणि पायरीवर वाढली. कांडायला बाया आपणहून आल्या. त्या दिवशी गाव जेवले.

कारभाऱ्याने सभा भरवली. शिक्षा केली तर लोक उठतील आणि सोडून दिले तर दुसरी रासही जाईल, हे त्याला दिसत होते. त्याने युक्ती काढली.

"ठसे तू पुसले नाहीस," तो तैयलला म्हणाला. "देवीनेच काल कोठार उघडलं. एवढं सर्वांसमोर म्हण आणि घरी जा."

म्हातारी माणसेसुद्धा तिला खुणावू लागली, म्हण बाई, म्हण. तैयलने हात वर केला. बोटांवर अजून राख होती.

"देवीनं केलं म्हणू नका," ती म्हणाली. "ती करणार असती तर परवा दुपारी केलं असतं."

तो हात मनगटापासून तोडण्यात आला.

त्यानंतरच्या दुपारी पुजाऱ्याने पडदा सारला तेव्हा देवीचा अभय देणारा उजवा हात खाली पडलेला होता. भंगलेली मूर्ती पुजू नये, म्हणून दुसरी घडवली. तीही त्याच जागी भंगली. तिसरीही. मग सर्वांनी हात जोडले आणि कोठाराचे दार काढून टाकले.

"पण मी तर ऐकलं की कुठल्याशा स्वारीत मूर्ती फोडली," खांबेटे म्हणाले.

"हो का? आणि स्वारीवाल्यांना नेमकं मनगटच सांपडलं! नाक नाही, मान नाही!" तुळजाबाईंचा आवाज चढला. "चमत्कार झाला म्हणतात. कसला चमत्कार? अम्मनला लाज वाटली. तीही उशिरा. आणि हे देवळाचे लोक आता पाटी लावतात. तैयलनं हात दिला, पण ते वाक्य म्हटलं नाही. ते यांनी रंगवून भिंतीवर लावलं!"

तैयल जगली. उरलेल्या हाताने ती रोज पायरीवर वाढू लागली. उरलेल्या दोन राशीही संपत आल्या तेव्हा कारभाऱ्याच्या घरातलेही सरले, आणि एके दिवशी तो रांगेत उभा राहिला. तिच्यासमोर येताच त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. तैयलने मूद धरून ठेवली.

"माझ्यापाशी हाच हात आहे," ती म्हणाली. "तुझाही हाच कर."

त्याने उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला. तिने मूद त्यावर ठेवली; दुसऱ्या कोणाला दिली असती तेवढीच.

निघताना पाहिले तर खांबेटे पायरीपाशी घुटमळत होते. पातेल्याच्या तळाशी थोडी कणी उरली होती. तुळजाबाईंनी ती गोळा करून मूद केली आणि हात लांब केला. खांबेट्यांचा उजवा हात अर्धा वर आला, थांबला, आणि मग त्यांनी डावा पुढे केला.

आजही कळंजियूरला कोठाराला दार नाही. आजही पुजारी दुपारी शिजलेले अन्न घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो, हातातली घंटा वाजू न देता. पायरीवरचा शेवटचा माणूस जेवला की बाहेरून हाक येते, "झालं." तोवर देवीला थांबावे लागते.